मोठ्यांच्या मापाचा झोका

गावात कुणी हरवलं की आधी विहिरी पाहतात. त्या सकाळी मी आळीतल्या आणि मळ्याच्या वाटेवरच्या झाडून सगळ्या विहिरी वाकून पाहिल्या, आणि पाण्यात नुसतं माझंच तोंड दिसलं की दर वेळी जिवात जीव आला.

घरी परतलो तर माय उंबऱ्यातच उभी.

“देख्या का रे विहिरी?”

“देख्या. कोठेच नही शे.”

माय मटकन खाली बसली. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. चुलीजवळ पुरणाची डाळ निवडून ठेवलेली, मांडे भाजायचं खापर धुऊन पालथं घातलेलं, घरात लेकीबाळी आलेल्या, आणि हरवलेली कोण, तर माझी थोरली बहीण इंदू. सव्वीस-सत्तावीस वर्षांची घोडी, पण आळीच्या तोंडाशी असलेल्या दुकानापर्यंतसुद्धा कधी एकटी न गेलेली.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. गिरणेच्या काठी आमचं गाव, घरात बोली अहिराणी, आणि धंदा सुताराचा. अण्णा बैलगाड्या करायचे, मी त्यांच्या हाताखाली रंधा मारायचो.

इंदूआक्का जन्मली तेव्हा रडलीच नव्हती, आणि पुढे तिने ती कसर व्याजासकट भरून काढली, असं माय सांगायची. तिच्याकडे शब्द अगदी मोजके. ‘पानी’, ‘नको’, ‘माय’, आणि ‘बाऊ’ म्हणजे मी, तिचा भाऊ. भांडं पडलं की कानांवर हात. कुणी हलकेच अंगाला हात लावला तर चटका बसल्यासारखी दूर. पण पांघरुणांच्या चळतीखाली मात्र स्वतःहून शिरायची आणि तिथे अर्धा दिवस सुखाने पडून राहायची. जीव कासावीस झाला की मनगट चावायची, भिंतीवर डोकं आपटायची. ते पाहणं फार वाईट. घरातल्या कुणालाही त्या वेळी घास गिळत नसे.

एक गोष्ट मात्र होती, सांगितलेलं ती अक्षरशः ऐकायची. ‘इथे थांब’ म्हटलं की आपण विसरून गेलो तरी ती उन्हात तिथेच उभी. म्हणून घरात सगळे तिच्याशी जपून बोलत.

धुळ्याच्या एका भल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिच्या हातांना उद्योग द्या आणि अंगाला वजन द्या. अण्णांनी ते मनावर घेतलं. एक बुटकी पेटी करून ती सरकीने भरली. कापसाचा मुलूख आमचा, सरकीला काय तोटा! त्या खरबरीत, लोकर चिकटलेल्या बियांत आक्का कोपरापर्यंत हात खुपसून बसायची. एका फळीवर कड्या, कोयंडे, अडसर, फिरकी असं सगळं ठोकून दिलं. ती दिवसभर उघडायची, लावायची. मायने गोधडीला कप्पे शिवून त्यात ज्वारी भरली, पांघरुणाला वजन यावं म्हणून. पावसाळ्यात त्या ज्वारीला सोंडे लागले, मागून उंदीर आले, आणि आक्काआधी मांजरच त्या गोधडीवर झोपायला लागलं. मग माय नदीची वाळू धुऊन, वाळवून आणून तिच्यात भरू लागली. ती गोधडी मलाही दोन हातांनी उचलावी लागे.

पण या सगळ्यावर कडी करायचा तो झोका. झोक्यावर बसली की आक्काच्या अंगातलं वादळ शमायचं. ती हसायची नाही, ओरडायची नाही. नुसती डोळे अर्धे मिटून ‘हूं’ असा बारीक सूर लावायची. झोक्याच्या दिवसांत ती पोटभर जेवायची, रात्रभर झोपायची, आणि तिच्या मनगटावरच्या जखमांवर खपली धरायची.

आता कुणी विचारेल, मग बापाने लेकीला बारा महिने झोका का बांधून दिला नाही? बाप सुतार होता ना? अण्णांनी घरात बांधून पाहिला होता. आमचं घर मातीच्या धाब्याचं, वरची कडी, म्हणजे तुळई, जुनी. आक्का काही पाळण्यातलं लेकरू नव्हती. अंगापिंडाने भरलेली बाई होती आणि झोका उंच घ्यायची. एके दिवशी कडी कडकन बोलली आणि अर्धं धाबं खाली आलं. राहिला आळीच्या चौकातला निंब. त्याची आडवी फांदी हत्ती तोलेल अशी. पण तो निंब सगळ्या आळीचा, आणि त्याला झोका बांधायचा तो फक्त आखाजीला.

खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. पोरी सासरहून येतात, गौराई बसवतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस ओरपतात आणि झोके घेतात. त्यांना आणायला घरून भाऊ नाहीतर काका जातो. त्याला म्हणतात मुराळी. आणि गौराई नदीत बोळवली की झोका सोडायचा. आमच्या आळीत तर समजच होता, आखाजीनंतर झोका बांधलेला ठेवला की घरची लेक घरातच अडते, उजवत नाही. आमच्या घरची अडलेलीच होती, पण दुसऱ्यांच्या लेकी होत्या ना. त्यामुळे दर वर्षी दोर सुटायचा, आणि आक्का त्या रिकाम्या फांदीखाली दिवस दिवस ओरडत बसायची.

त्या वर्षी धाकट्या शकूची लग्नानंतरची पहिली आखाजी. मुराळी मी. अण्णांनी स्वतः केलेली दमणी, म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी, मी धुतली, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा घातल्या, डोक्यावर पांढरी टोपी चढवली आणि शकूच्या सासरी जाऊन तिला घेऊन आलो. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडीवर गाठोडं, अशी शकू दमणीत बसून आली. मायने दारातच तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. शकूने गाठोडं ओसरीवर फेकलं आणि धावत जाऊन पहिल्यांदा कुठे बसली असेल तर झोक्यावर. हे सगळं आक्का खांबाआडून पाहत होती.

संध्याकाळी चौकात आळीतल्या सगळ्या माहेरवाशिणी जमल्या. आक्का दुपारपासून झोक्यावर होती ती उतरायलाच तयार नाही. पोरी आधी हसल्या, मग कुरकुरल्या. एकीचं नवं लग्न झालेलं, तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. दोन बायका मायला ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या, “वरीसभर हाईच बसी ऱ्हास का काय?” माय बिचारी तोंड चुकवून आत गेली.

तेवढ्यात फुई उठली. फुई म्हणजे अण्णांची थोरली बहीण. नवरा तरणाच गेलेला, मूलबाळ नाही, नदीपलीकडे सावखेड्याला एकटी राहायची आणि आखाजीला न चुकता माहेरी यायची. जिभेला हाड नव्हतं, पण आमच्यावर जीव होता. ती झोक्यापुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“इंदू, उतर. झोका माहेरवाशीणना शे. जी सासरथीन येस, तिना. तू कोठे गयी व्हती माय? जी जास, तीच येस.”

आम्हाला वाटलं, आता आक्का आकांत करणार. तर कसलं काय! ती कधी कुणाच्या तोंडाकडे पाहायची नाही, पण त्या दिवशी फुईच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग पाय टेकवून उतरली, घरात गेली आणि निमूट झोपली.

“देखा, समजाडी सांगं का समजस,” फुई विजयी मुद्रेने म्हणाली.

आणि सकाळी आक्काचं अंथरूण रिकामं.

आक्काबरोबर आणखी काय काय गेलं ते मायला हळूहळू कळत गेलं. दांडीवरचं मायचं हिरवं लुगडं नव्हतं. कुंकवाचा करंडा उघडा पडला होता. आणि वाळूची गोधडी नव्हती. ती धोंड्यासारखी गोधडी डोक्यावर घेऊन कोण पळून जातं? आळीतले लोक दिशा वाटून घेऊन निघाले. अण्णा सायकलवर मळ्याकडे गेले आणि परत आले. त्यांच्या धोतराला काटे लागले होते. वैशाखाचं ऊन, बघता बघता जमीन तापायला लागली होती, आणि आक्काच्या वहाणा दारातच होत्या.

“कोनी काय बोलनं का तिले?” मायने विचारलं.

फुई ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. त्या सकाळी तिने मशेरीसुद्धा लावली नव्हती.

एवढ्यात सावखेड्याचा एक म्हशीवाला नदी ओलांडून आला आणि चौकातूनच ओरडला, “अण्णा, तुमनी इंदू आमना गावले शे! फुईना ओटावर बठेल शे!”

फुईच्या घराला तर कुलूप होतं, कारण फुई इथे होती. पण तो विचार करायला वेळ कुणाला! अण्णा सायकलवर टांग टाकून पुढे गेले, मी दमणी जुंपून मागे. झोक्याचा जास्तीचा दोर आणि बैलांच्या उतरवून ठेवलेल्या घुंगरमाळा दमणीतच पडल्या होत्या, त्याही तशाच बरोबर आल्या. नदीचं पात्र एक डोह सोडला तर कोरडं ठाक. वाळूत बैलांचे पाय रुतत होते. मी बैलांना शिव्या देत होतो आणि मनातल्या मनात गौराईला नवस बोलत होतो.

सावखेड्यात फुईच्या घरापुढे ही गर्दी. आक्का ओट्यावर खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली होती, आणि तिच्या ओरडण्याने आजूबाजूची कुत्री भुंकत होती. कुणीतरी कणव येऊन तिला सावलीत न्यायला गेलं, दुसऱ्याने दंड धरला, तिसऱ्याने बखोटं. मदत करणारे वाढले तसा आक्काचा आकांत वाढला. आता ती खांबावर कपाळ आपटत होती. अण्णा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून “चाल बेटा, घर चाल” म्हणत होते. ती “नको, नको” एवढंच म्हणत होती. अण्णांनी हात पुढे केला की आणखी जोरात आपटायची.

एका जाणत्या गृहस्थाने दमणीतला दोर पाहिला. माणूस वाईट नव्हता, काळजीनेच बोलला.

“अण्णा, डोकं फोडी लेई ती. बांधीसन ली चाला. दुसरं काय करशात?”

दोर उचलून त्याने अण्णांच्या हातात दिला. अण्णा उभे राहिले. दोराकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. माझ्या बापाला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

“ह्या दोरवर ती झोका खास,” ते म्हणाले. “त्यानीच बांधू तिले?”

सगळ्यांना कळलं होतं, एकदा या दोराने तिला बांधली की ती घरी तर येईल, पण पुन्हा जन्मात झोक्याला शिवणार नाही. आणि तिचं दुसरं सुख तरी काय होतं?

मी दमणीवरून उतरलो आणि तेव्हा कुठे आक्काला नीट पाहिलं. मायचं हिरवं लुगडं तिने अंगाला कसंबसं गुंडाळलं होतं. कपाळावर कुंकू, करंडाभर. घामाने नाकापर्यंत ओघळलेलं. शेजारी वाळूच्या गोधडीचं गाठोडं. आणि ती बसली होती तोंड रस्त्याकडे करून. कालच मी असंच एक हिरवं लुगडं, असंच एक गाठोडं, असंच रस्त्याकडे लागलेलं तोंड शकूच्या सासरच्या ओट्यावर पाहिलं होतं.

जी जाते तीच येते.

आक्का पळाली नव्हती. ती सासरी आली होती. सासर तिला ठाऊक नव्हतं. मायच्या मागे मागे जाऊन ठाऊक झालेली एकच वाट फुईच्या घरची होती, म्हणून ती तिथे गेली. आणि आता बसली होती वाट पाहत. आम्ही तिला शोधायला आलो होतो, आणायला कुणीच आलं नव्हतं.

“अण्णा,” मी म्हटलं, “तुमनी टोपी द्या.”

“काय?”

“टोपी द्या, आणि तुम्ही घर चाला. बाप कधी लेवाले येस का? मुराळी येस.”

अण्णांनी टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली, दोर दमणीत टाकला आणि सायकल काढली. मागे वळूनही न पाहता त्यांनी नदीकडे अशी दामटली की म्हातारपण विसरले.

मी लोकांना हात जोडून ओट्यापासून लांब व्हायला सांगितलं. दमणी उलटी फिरवली आणि गावाच्या वेशीपर्यंत नेली. दोन पोरं फिदीफिदी हसली, त्यांना बहुतेक वाटलं, घरचे सगळेच असे आहेत. वेशीवर मी तोंड पुसलं, टोपी सरळ केली, उपरणं खांद्यावर टाकलं, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा घातल्या आणि बैल हाकले. घुंगरमाळा खुळखुळवत, मुराळ्याने यावं तशी ऐटीत दमणी फुईच्या दारात आणून उभी केली.

घुंगरांच्या आवाजाला आक्काचं ओरडणं थांबलं होतं.

मी उतरलो. ओट्याखाली, हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर थांबलो.

“इंदूबाई शेत का घर?”

तिने खांब सोडला नाही. पण मान वर केली.

“आखाजी उनी आक्का. अण्णानी बलावं शे. तुले लेवाले उनू मी.”

‘न्यायला आलो’ हे शब्द ऐकून आक्का माझ्या टोपीकडे पाहू लागली. मग तिने एक हात सोडला, दुसरा सोडला, आणि उठली. मला वाटलं, आता येऊन दमणीत बसेल. पण मुराळी आल्या आल्या कुणी गाडीत बसतं का? काही रीत आहे की नाही! ती शेजारच्या दारात गेली, तिथल्या रांजणातून तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

“पानी,” ती म्हणाली.

मी प्यायलो. सगळा तांब्या रिकामा केला. मग तिने गाठोड्यात हात घालून मूठभर काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. सरकी होती. घरच्या पेटीतली. मुराळ्याला गुळाचा खडा देतात ना, तसा तिने मला तिचा सगळ्यात लाडका जिन्नस दिला. मी तोंडाशी नेऊन खाल्ल्यासारखं केलं आणि खिशात ठेवला.

जिच्या रांजणातलं पाणी होतं त्या म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. मग आत जाऊन ओंजळभर ज्वारी आणि एक नारळ घेऊन आली आणि आक्काच्या अंगाला जराही हात न लावता, अलगद तिच्या ओटीत घातले. लेक गावातून निघाली की ओटी रिकामी पाठवायची नाही, एवढं तिला कळत होतं. आक्का गाठोडं घेऊन दमणीत चढली. कुणी हाताला धरलं नाही, धरायची गरजच नव्हती.

घरी पोहोचलो तेव्हा अण्णा ओसरीवर बसले होते, सकाळपासून तिथेच बसल्यासारखे. धापा मात्र लपवता येत नव्हत्या. त्यांनी बायकांना काय सांगितलं होतं कोण जाणे. माय तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली, पण आक्काचे पाय पाहिले आणि तांब्या कलून अर्धं पाणी तिच्याच पायांवर सांडलं.

फुई पुढे झाली. विधवा बाई म्हणून ती असल्या कामात कधी पुढे होत नसे, कुणी होऊही दिलं नसतं. तिने मायच्या हातातून भाकरीचा तुकडा घेतला, आक्कावरून ओवाळला आणि लांब भिरकावला. मग वाकून, आपल्या भाचीच्या भाजलेल्या, काट्यांनी ओरबाडलेल्या पायांवर पाणी घातलं. पाणी संपलं तरी ती वाकलेलीच होती.

मग उठून चौकाकडे तोंड करून तिने हाळी दिली, “उतरा वं पोरींनो! माहेरवाशीण उनी!”

झोक्यावर शकू होती. ती टुणकन उतरली आणि दोर धरून उभी राहिली. आक्काने गाठोडं ओसरीवर फेकलं, अगदी शकूने फेकलं होतं तसंच, फक्त हे पडलं तेव्हा ओसरी हादरली. ती झोक्यावर बसली, आणि पहिला झोका दिला तो फुईने.

ती आखाजी आमच्या आळीत अजून लोक आठवतात. कुणी आक्काला उतर म्हटलं नाही. नव्या लग्नाच्या त्या पोरीने तर तिला गाण्यात घेतलं. पोरी गौराईची गाणी म्हणायच्या आणि आक्का वरखाली जात तिचा तो ‘हूं’ लावायची, आणि तो सुरात बसायचा. शकू म्हणाली, एवढं चांगलं गाणं आपल्या आळीत कधी झालंच नव्हतं.

पण सण संपतोच. गौराई नदीच्या डोहात गेली, आणि मी शकूला पोचवायला दमणी जुंपली. वाटेत फुईलाही सावखेड्याला सोडायचं होतं. शकू मायच्या गळ्यात पडून रडत होती. आणि बघतो तर आक्का आतून आली. हिरवं लुगडं, कुंकू, हातात गाठोडं. दमणीपाशी येऊन शकूच्या मागे उभी राहिली. शकूने पदराने डोळे पुसले, म्हणून हिनेही पदर घेतला आणि कोरडे डोळे पुसले.

माहेरवाशीण आली म्हणजे तिला जायला हवं. जी येते ती जाते, हेही तिने ओळखलं होतं. आणि जाईल कुठे? तिला पाठवायला या जगात एक घर नव्हतं.

मायने तोंडात पदर कोंबला. अण्णा दमणीचं चाक तपासायला लागले, ज्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. ‘तू नको जाऊ’ म्हणावं तर तिचं माहेरपणच खोटं ठरतं, आणि ‘जा’ कुणी म्हणावं?

दमणीत आधीच जाऊन बसलेल्या फुईने थोडं सरकून जागा केली.

“चढ वं माय,” ती म्हणाली. “मना घर चाल. मी तरी एकलीच शे.” आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, “हाऊ येई तुले लेवाले.”

आक्का चढली. तिने फुईच्या शेजारी बसून गोधडी दोघींच्या मांडीवर पसरली. फुई त्या वजनाने कण्हली, पण ढकलली नाही. दमणी हलल्यावर आक्काने पुढे वाकून, जन्मात पहिल्यांदा, दोन शब्द जोडून म्हटले.

“बाऊ, ये.”

त्यांना सोडून मी घरी आलो आणि सवयीने झोका सोडायला निंबावर चढलो. खालून अण्णांचा आवाज आला.

“ऱ्हाऊ दे बांधेल. ती परत येणार शे.”

आळीतलं कुणी एक अक्षर बोललं नाही. तो झोका पुढे बारा महिने तिथेच राहिला. दोर झिजला की अण्णा नवा घालायचे. आक्का महिना-पंधरा दिवस फुईकडे राहायची, मग मी टोपी घालून आणायला जायचो. फुईने घरातल्या सगळ्या कड्याकोयंड्यांना तेल दिलं होतं, आक्काला खेळायला. “मना घरले कुलूपच टिकत नही आते,” असं ती मोठ्या कौतुकाने तक्रार करायची.

आता फुई नाही, अण्णा नाहीत, माय नाही. निंब रस्ता रुंद करताना गेला. मी जळगावला कारखाना टाकला. अशा मुलांसाठी आणि मोठ्या माणसांसाठी झोके, सरकीच्या पेट्या, कड्यांच्या फळ्या, वजनाची पांघरुणं, हे सगळं आम्ही करतो. नावं आता मोठमोठी आली आहेत, शाळा आणि डॉक्टर त्या नावांनी मागवतात. कधीकधी एखादी आई दारात घुटमळते आणि हळूच विचारते, “मुलगा तिशीचा आहे हो माझा. मोठ्यांच्या मापाचा झोका मिळेल का?” मी तिला कारखान्याच्या मागच्या अंगणात नेतो. तिथे लोखंडी तुळईला रुंद पाटाचा एक झोका आहे, आणि त्याच्यावर पांढऱ्या केसांची माझी आक्का ‘हूं’ करत झुलत असते. त्यानंतर त्या बाईला दुसरं काही दाखवावं लागत नाही.

पण आखाजीच्या आदल्या दिवशी तो झोका रिकामा असतो. त्या सकाळी आक्का हिरवं लुगडं नेसते, गोधडीचं गाठोडं करते आणि रस्त्यापलीकडच्या देशमुखबाईंच्या ओट्यावर जाऊन, आमच्याकडे तोंड करून बसते. देशमुखबाई तिच्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवतात. कारागीर काम थांबवतात. मी अण्णांची टोपी घालतो, उपरणं टाकतो आणि हातात घुंगरमाळ घेऊन रस्ता ओलांडतो. मोटारसायकलवाले थांबून बघतात, बघू देत.

“इंदूबाई शेत का घर?” मी विचारतो. “तुले लेवाले उनू मी.”